हजार डॉलरची हमी: नोटर डेमच्या फुटबॉल संघाचा १९१३चा हंगाम

१ नोव्हेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्क राज्यातील वेस्ट पॉइंट येथे, अमेरिकेच्या लष्करी अकादमीच्या मैदानावर, इंडियाना राज्यातील नोटर डेम या कॅथलिक शिक्षणसंस्थेच्या संघाने त्या अकादमीच्या संघाचा, म्हणजे आर्मीचा, ३५–१३ असा पराभव केला. पुढे त्या दुपारची दंतकथा झाली. एका खोलीत राहणाऱ्या दोन मित्रांनी उन्हाळ्यात सरोवराकाठच्या वाळूत चेंडू पुढे फेकण्याचा आणि धावत झेलण्याचा सराव केला आणि त्या बळावर बलाढ्य आर्मीला नमवले, अशी ती कथा आहे. ती खोटी नाही, पण अर्धी आहे. हा हंगाम मैदानावर जिंकला गेला हे खरे असले, तरी तो शक्य झाला तो आदल्या हिवाळ्यातल्या पत्रव्यवहारामुळे. म्हणून या लेखात त्या दोन मित्रांइतकेच लक्ष त्यांच्या प्रशिक्षकाच्या टेबलाकडे दिले आहे.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. येथे फुटबॉल म्हणजे आपल्याकडे खेळला जातो तो पायाने खेळायचा खेळ नव्हे. लांबट चेंडू हातात धरून किंवा फेकून प्रतिपक्षाच्या हद्दीत न्यायचा, ठरावीक प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे आणि शेवटची रेषा ओलांडली की टचडाउन मिळवायचा, असा हा अमेरिकन खेळ आहे.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा खेळ अक्षरशः जीवघेणा झाला होता. सगळे खेळाडू एकमेकांना बिलगून पाचर करत आणि समोरच्या रांगेवर आदळत, त्यामुळे मान मोडणे, डोक्याला मार लागणे हे नित्याचे होते. १९०५च्या एकाच हंगामात अठराच्या आसपास मुले दगावली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्या ऑक्टोबरात हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना बोलावून खेळ सुधारण्यास सांगितले. त्यानंतर १९०६ साली जे नियम बदलले त्यांत चेंडू पुढे फेकण्याची, म्हणजे फॉरवर्ड पासची, मुभा प्रथमच मिळाली. मात्र ही मुभा हात आखडता घेऊन दिलेली होती, कारण फेक फसली तर दंड होता आणि कोणाचाही हात न लागता चेंडू जमिनीवर पडला तर तो थेट प्रतिपक्षाकडे जात असे. सेंट लुई विद्यापीठाच्या संघाने १९०६ सालीच फेकीचा धीटपणे वापर केला होता, तरीही बहुतेक प्रशिक्षकांना ती अडचणीच्या वेळी खेळायची जुगारी चाल वाटत असे.

१९१० आणि १९१२ साली नियम पुन्हा बदलले आणि हे प्रकरण समजून घेण्यासाठी १९१२चे बदल महत्त्वाचे आहेत. फेक वीस यार्डांपेक्षा लांब नसावी हे बंधन गेले. दहा यार्ड सरकण्यासाठी तीनऐवजी चार प्रयत्न मिळू लागले. मैदान शंभर यार्डांचे झाले आणि त्याच्या दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांची जागा आखली गेली, जिच्यात झेललेली फेकही टचडाउन ठरू लागली. टचडाउनला पाचऐवजी सहा गुण झाले. थोडक्यात, दार उघडले होते, पण त्यातून आत जायची सवय फार थोड्यांना होती.

नोटर डेमची स्थापना १८४२ सालची, होली क्रॉस संघाच्या धर्मगुरूंनी केलेली. नावात विद्यापीठ असले तरी त्या काळी ही साउथ बेंडजवळची लहान, निवासी संस्था होती. तिच्या फुटबॉल संघाला नाव नव्हते असे नाही. १९०९ साली त्याने मिशिगनला मिशिगनच्याच मैदानावर ११–३ असे हरवले होते. पण त्या विजयाने लाभापेक्षा कटकटीच वाढल्या. पुढच्या वर्षी सामना तोंडावर आला असताना नोटर डेमच्या दोन खेळाडूंच्या पात्रतेवरून वाद झाला, मिशिगनने सामना रद्द केला आणि त्यानंतर हे दोन संघ १९४२पर्यंत समोरासमोर आले नाहीत.

समस्या

समस्या हरण्याची नव्हती. १९११ साली संघ एकही सामना हरला नाही, दोन बरोबरीत सुटले. १९१२ साली सातही सामने जिंकले. तरीही क्रीडाखाते तोट्यात होते, आणि या दोन गोष्टींत वरकरणी दिसतो तसा विरोध नाही. प्रेक्षक तिकीट काढतो तो सामना पाहण्यासाठी, आणि निकाल आधीच ठाऊक असलेल्या सामन्याला कोणी पैसे मोजत नाही. आसपासच्या लहान कॉलेजांना पन्नास-साठ गुणांनी लोळवल्याने विद्यार्थी खूश होत, पण गल्ला भरत नसे आणि वृत्तपत्रांत चार ओळींपलीकडे जागा मिळत नसे.

मोठे प्रतिस्पर्धी मिळत नव्हते, कारण मध्य-पश्चिमेतील प्रमुख विद्यापीठांची वेस्टर्न कॉन्फरन्स ही संघटना नोटर डेमला आत घेत नव्हती आणि तिचे बरेच सभासद या संघाशी खेळायलाही तयार नव्हते. कारण म्हणून पात्रतेचे सैल नियम पुढे केले जात. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना खेळवणे, एखाद्याला तीनपेक्षा अधिक हंगाम खेळू देणे या तक्रारींत तथ्य होते. पण प्रॉटेस्टंट वळणाच्या त्या शैक्षणिक जगात कॅथलिक संस्थेबद्दल असलेली अढीही त्यामागे होती, असे अनेक इतिहासकार मानतात. दोन्हींचे प्रमाण किती होते यावर वाद घालता येईल. १९१२च्या अखेरीस संस्थेच्या दृष्टीने फलित मात्र एकच होते: शेजारचे दार बंद.

संस्थेचे अध्यक्ष फादर जॉन कॅव्हॅनॉ यांच्या प्रशासनाने यावर पहिला निर्णय घेतला तो माणूस बदलण्याचा. एका हंगामापुरता येऊन संघ शिकवणारा प्रशिक्षक ठेवण्याऐवजी फुटबॉल, बेसबॉल, बास्केटबॉल आणि त्यांचे सर्व हिशेब सांभाळणारा पूर्णवेळ क्रीडासंचालक नेमायचे ठरले. त्यासाठी निवड झाली जेसी हार्पर यांची. ते शिकागो विद्यापीठात अलोन्झो स्टॅग यांच्या हाताखाली खेळले होते आणि १९०९पासून इंडियानातल्याच वॉबॅश कॉलेजात प्रशिक्षक होते. १९१० साली वॉबॅशचा एक खेळाडू सामन्यात झालेल्या दुखापतीने दगावला आणि कॉलेजने उरलेला हंगाम रद्द केला, तेव्हा संघ हार्पर यांच्याच हाती होता. रांगेवर आदळण्याच्या खेळाची किंमत त्यांनी अशी जवळून पाहिली होती. याच अनुभवामुळे ते फेकीकडे वळले असे म्हणायला माझ्याजवळ पुरावा नाही, पण त्यांच्या कारकिर्दीकडे पाहताना ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

विचारात घेण्याजोगे पर्याय

हार्पर यांच्यासमोर, आज मागे वळून पाहता, चार वाटा दिसतात.

पहिली वाट चालू होते ते चालू ठेवण्याची. त्यात धोका नव्हता, प्रवासखर्च नव्हता आणि विजयाची जवळजवळ खात्री होती. पण तोटा भरून काढायला संस्थेच्या तिजोरीत हात घालावा लागला असता, आणि शिक्षणशुल्कावर चालणाऱ्या संस्थेला ते किती वर्षे परवडणार हा प्रश्नच होता.

दुसरी वाट फुटबॉलच आवरता घेण्याची. आज हे विचित्र वाटेल, पण त्या काळात ते मुळीच अशक्य नव्हते. १९०५च्या हंगामानंतर कोलंबिया विद्यापीठाने हा खेळ बंद केला होता, तर कॅलिफोर्नियातल्या दोन मोठ्या विद्यापीठांनी तो सोडून रग्बी स्वीकारली होती.

तिसरी वाट पात्रतेचे नियम कडक करून वेस्टर्न कॉन्फरन्सच्या दारात उभे राहण्याची. नियम कडक करणे योग्यच होते आणि हार्पर यांचा कलही शिस्तीकडे होता. परंतु नियम सुधारल्यावर दार उघडेलच अशी हमी कोणी दिलेली नव्हती. आपण अटी पाळायच्या आणि निर्णय दुसऱ्याने घ्यायचा, अशा व्यवहारात किती काळ तिष्ठत राहावे लागेल हे आपल्या हातात नसते. येथे ते पुढच्या कित्येक दशकांपर्यंत लांबले असते, कारण नोटर डेमचा फुटबॉल संघ त्या संघटनेत कधीच गेला नाही.

चौथी वाट शेजारी सोडून लांबच्यांकडे जाण्याची होती. पूर्वेकडची आणि दक्षिणेकडची जी नामांकित संस्था खेळायला तयार असेल तिच्या मैदानावर जायचे आणि त्याबद्दल हमी रक्कम घ्यायची. पावसाने प्रेक्षक आले नाहीत तरी यजमानाने ही रक्कम पाहुण्या संघाला द्यायचीच, अशी तेव्हाची रीत होती. उत्पन्न ठरलेले असल्यामुळे हिशेब आधीच मांडता येत असे. धोका मात्र उघड होता. चार-पाचशे मैलांवर जाऊन दारुण पराभव पत्करला, तर पुढच्या वर्षी कोणी बोलावणार नाही, आणि जिंकून मिळवलेला थोडाफार लौकिकही जाईल.

हार्पर यांनी चौथी वाट धरली.

प्रत्यक्ष कृती: टपाल

१९१२च्या डिसेंबरात, नवी नेमणूक हाती येताच, हार्पर यांनी पत्रे लिहायला सुरुवात केली. त्यांतले एक वेस्ट पॉइंटला गेले. तिथे योग जुळून आला, कारण येलने आर्मीबरोबरचा आपला नेहमीचा सामना सोडला होता आणि आर्मीच्या वेळापत्रकात नोव्हेंबरचा आरंभ मोकळा पडला होता. आणखी एक गोष्ट पथ्यावर पडली असावी असे मला वाटते. पात्रतेच्या बाबतीत आर्मीचे स्वतःचे धोरण ढिले होते. दुसऱ्या कॉलेजात पूर्ण हंगाम खेळून आलेल्या कॅडेटलाही ती खेळवत असे, इतके की पुढे १९२८ साली याच मुद्द्यावरून नेव्हीने, म्हणजे नौदल अकादमीच्या संघाने, तिच्याशी खेळणे थांबवले. ज्या कारणास्तव शेजारी नाक मुरडत होते, त्या कारणास्तव आर्मी नाक मुरडणे शक्य नव्हते.

घासाघीस पैशावरून झाली. आर्मीने देऊ केलेली रक्कम इतक्या लांबच्या प्रवासाला पुरणारी नव्हती. हार्पर यांनी एक हजार डॉलर मागितले आणि ते मिळवले. दौऱ्याचा खर्च झाला ९१७ डॉलर. शिल्लक उरली ८३ डॉलर. ज्या सामन्यावर पुढे ढीगभर लिहिले गेले त्याची वहीतली नोंद एवढीच, आणि मला ती त्या सामन्याच्या गुणफलकापेक्षा अधिक बोलकी वाटते. हार्पर यांना जायचे होते ते फायद्यासाठी नव्हे, पण पदरचे घालूनही जायचे नव्हते. हजाराऐवजी नऊशे डॉलरवर त्यांनी मान डोलावली असती, तर ‘ऐतिहासिक विजय’ १७ डॉलरने तोट्यात गेला असता.

त्याच हिवाळ्यात पेन स्टेट, सेंट लुईमधील ख्रिश्चन ब्रदर्स कॉलेज आणि टेक्सास विद्यापीठ यांच्याशीही सामने ठरले. सात सामन्यांच्या वेळापत्रकात पहिले तीन घरच्या कार्टियर मैदानावर आणि उरलेले चारही बाहेर, तेही एकाच महिन्यात, अशी रचना झाली. ऑक्टोबरात लहान संघांबरोबर हात बसवायचा आणि नोव्हेंबरात बाहेर पडायचे, असा त्यामागचा हिशेब दिसतो.

प्रत्यक्ष कृती: वाळू

दुसरी तयारी ओहायोतल्या सँडस्कीजवळ, एरी सरोवराच्या काठावरील सीडर पॉइंट या सहलीच्या ठिकाणी झाली. क्वार्टरबॅक (चाली ठरवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू) गस डोरे आणि संघाचा नवा कर्णधार नूट रॉकनी हे खोलीतले जोडीदार १९१३च्या उन्हाळ्यात तिथे नोकरीला होते. रॉकनी नॉर्वेत जन्मलेला आणि शिकागोत वाढलेला. टपाल खात्यात काही वर्षे काम करून पैसे साठवल्यावर तो कॉलेजात आला होता, त्यामुळे वयाने इतरांपेक्षा मोठा होता. दोघेही त्या खेळाच्या मानाने लहानखुरे होते. उन्हाळ्यात सरावासाठी त्यांच्याजवळ चेंडू होता आणि कामाचे तास संपले की वाळू मोकळी असे.

त्यांनी नेमके काय घोटवले हे समजण्यासाठी तेव्हाचा चेंडू डोळ्यांसमोर आणावा लागतो. आजच्यापेक्षा तो बराच फुगीर, जवळजवळ पपईच्या घाटाचा होता, आणि मुठीत मावत नसे. फेकणारा बहुधा तो तळहातावर तोलून ढकलत असे. झेलणारा ठरलेल्या जागी जाऊन थांबत असे आणि चेंडू आला की तो छाती-पोटाशी दोन्ही हातांनी कवटाळत असे. अशा थांबलेल्या माणसाला प्रतिपक्षाने गाठणे अवघड नव्हते. डोरेने चेंडू टोकाकडे धरून त्याला फिरकी देत फेकण्याचा सराव केला, म्हणजे तो हवा कापत सरळ जाई. रॉकनीने पूर्ण वेगात धावत असताना, न थांबता, केवळ हातांनी झेल घेण्याचा सराव केला. क्रिकेटमध्ये सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक चेंडू येताच हात ताठ न ठेवता त्याच्या वेगाबरोबर किंचित मागे नेतो, तशीच ही युक्ती आहे. हात सैल, बोटे उघडी, आणि चेंडू हातात विसावेपर्यंत पाय चालूच. वाळूत धावण्याचा एक फायदा असा की घट्ट जमिनीवर आल्यावर पाय आपोआप हलके पडतात.

झेलणारा पळता राहणार असेल, तर फेकणाऱ्याला तो आता जिथे आहे तिथे नव्हे, तर दोन क्षणांनी जिथे पोहोचेल तिथे चेंडू टाकावा लागतो. हा अंदाज दोन माणसांत एकमेकांच्या सवयीने बसतो. शिकवून तो येत नाही, आणि संघाच्या रोजच्या तासाभराच्या सरावात तर नाहीच. त्या उन्हाळ्याचे खरे मोल यात आहे.

हंगाम

४ ऑक्टोबरला ओहायो नॉर्दर्नविरुद्ध ८७–० असा विजय मिळाला, ज्यातून शिकण्याजोगे काहीच नव्हते. १८ ऑक्टोबरला साउथ डकोटाने मात्र झुंज दिली आणि सामना २०–७ असा सुटला. २५ तारखेला अल्माविरुद्ध ६२–० झाले. त्यानंतर पाचच दिवसांनी, गुरुवारी, संघ पूर्वेकडच्या गाडीत बसला.

या प्रवासाबद्दल सांगितले जाते ते असे की खेळाडू अठरा होते आणि खेळायचे बूट चौदाच जोड. आकडे कदाचित सांगता सांगता गोंडस झाले असतील. पण ९१७ डॉलरमध्ये आठशे मैलांच्या आसपासचा रेल्वेप्रवास, मुक्काम, जेवण आणि परतीची वाट हे सगळे बसवायचे, तर तुकडी लहानच ठेवावी लागणार हे उघड आहे. बदली खेळाडू मोजके असणे हा जसा खर्चाचा निर्णय होता तसाच तो खेळाचाही निर्णय होता, कारण तेव्हा तेच अकरा जण चढाई आणि बचाव दोन्ही करत.

आर्मीचे खेळाडू वजनाने भारी होते. पहिल्या काही मिनिटांत नोटर डेमने रांगेवर धडका दिल्या आणि त्या अडल्या. इथे एक तपशील लक्षात घ्यायला हवा. तेव्हाच्या नियमांनुसार प्रशिक्षकाला कडेवरून सूचना देता येत नसत आणि प्रत्येक चाल क्वार्टरबॅकनेच ठरवायची असे. म्हणजे धडका सोडून फेकी सुरू करण्याचा निर्णय हार्पर यांचा नव्हता. तो मैदानात उभ्या असलेल्या डोरेचा होता.

पहिला टचडाउन डोरेच्या फेकीवर रॉकनीने केला. रॉकनी पुढे सांगत असे की त्याआधी काही चालींत तो मुद्दाम लंगडत राहिला, त्यामुळे त्याच्यावर लक्ष ठेवणारा गाफील झाला, आणि मग तो एकदम सुसाट सुटला. रॉकनी हा पट्टीचा गोष्टीवेल्हाळ होता हे ध्यानात ठेवून ही आठवण वाचावी. आर्मीने हार मानली नाही. तिने दोन टचडाउन करून १३–७ अशी आघाडी घेतली. मध्यंतरापूर्वी नोटर डेमने ती मोडून काढून १४–१३ केले.

उत्तरार्धात आर्मीला एकही गुण मिळाला नाही आणि नोटर डेमने २१ गुण केले. कसे, हे दंतकथेत सहसा येत नाही. फेकींच्या धास्तीने आर्मीचे बचावपटू मागे आणि बाजूंना पांगले, मधली रांग विरळ झाली, आणि मग फुलबॅक रे आयकेनलॉबने त्याच जागेतून धडका मारल्या जिथे सुरुवातीला वाट मिळत नव्हती. फेकीने यार्ड मिळवले त्याहून अधिक तिने जागा मोकळी करून दिली. डोरेच्या १७ पैकी १४ फेकी झेलल्या गेल्या आणि त्यांवर २४३ यार्ड मिळाले, असे आकडे सर्वसाधारणपणे दिले जातात. त्या काळी एवढा भरवसा फेकीवर कोणी ठेवत नसे. पण केवळ हे आकडे पाहून सामना समजत नाही. धडका आणि फेकी एकमेकींच्या आधाराने उभ्या होत्या.

पुढच्याच शुक्रवारी, ७ नोव्हेंबरला, पेन स्टेटविरुद्ध १४–७ असा निसटता विजय मिळाला. २२ तारखेला सेंट लुईत ख्रिश्चन ब्रदर्सला २०–७ असे हरवले. तिथून पाच दिवसांनी ऑस्टिनमध्ये, तोवर अजिंक्य असलेल्या टेक्सासला ३०–७ असे नमवून संघ परतला.

परिणाम

सात सामने, सात विजय, केलेले गुण २६८, झालेले ४१. आर्मीचा त्या वर्षातला हा एकमेव पराभव होता. टेक्साससाठीही नोटर डेमविरुद्धचा पराभव हंगामातला एकमेव ठरला. न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांनी या मोकळ्या, पसरलेल्या खेळाची ठळक दखल घेतली, आणि पूर्वेकडे ज्यांनी साउथ बेंडचे नाव ऐकले नव्हते त्यांनाही ते ऐकू आले. मैदान न्यूयॉर्कपासून जवळ होते याचा हा लाभ. हाच सामना, हाच गुणफलक एखाद्या आडगावी घडला असता तर त्याची बातमी त्याच गावात विरली असती.

आर्मीने धडा लगेच घेतला. महिन्याभराने नेव्हीविरुद्धच्या सामन्यात तिने स्वतः फेकींचा वापर करून २२–९ असा विजय मिळवला. त्यामुळे फॉरवर्ड पास नोटर डेमने शोधला हे विधान जितके चुकीचे, तितकेच त्या दुपारीने काहीच बदलले नाही हे म्हणणेही चुकीचे. फेक ही अडचणीतली चाल नसून रोजची चाल होऊ शकते, हे सर्वांच्या देखत सिद्ध झाले.

हार्पर यांच्या दृष्टीने सर्वांत मोठे फळ होते पुढच्या वर्षाचे वेळापत्रक. आता पत्रांना उत्तरे येऊ लागली. १९१४ साली येलनेही सामना दिला.

निर्णयाचे क्षण आणि वेगळे काय करता आले असते

येलच्या त्या सामन्यापासूनच सुरुवात करणे योग्य, कारण १७ ऑक्टोबर १९१४ रोजी न्यू हेवनला नोटर डेमचा २८–० असा धुव्वा उडाला. गंमत म्हणजे येलने रग्बीच्या धर्तीवर बाजूला दिलेल्या फेकींनी त्यांना गोंधळात टाकले. आदल्या वर्षी आर्मीची झाली तीच अवस्था आता त्यांची झाली. त्याच हंगामात आर्मीनेही २०–७ अशी परतफेड केली. डोरे आणि रॉकनी दोघेही तोवर पदवी घेऊन मैदानाबाहेर गेले होते. १९१३ची फेक दोन माणसांच्या सवयीवर उभी होती आणि ती सवय त्यांच्याबरोबर गेली. उन्हाळ्यातला तो सराव संस्थेने आखलेला नव्हता. तो दोघांच्या हौसेचा होता. खालच्या वर्गातल्या एखाद-दोन खेळाडूंना त्याच वेळी, त्याच पद्धतीने तयार केले असते, तर पुढच्या वर्षीची घसरण कदाचित सौम्य झाली असती. एक गोष्ट मात्र हार्पर यांनी अचूक केली. रॉकनी रसायनशास्त्राचा साहाय्यक म्हणून संस्थेत राहत होता, त्याला त्यांनी संघाचा साहाय्यक प्रशिक्षक करून घेतले. १९१८ साली हार्पर हे सगळे सोडून कॅन्ससमध्ये गुरांच्या कुरणावर गेले तेव्हा वारस तयार होता.

दुसरा मुद्दा प्रवासाचा. सेंट लुईचा सामना २२ तारखेला आणि ऑस्टिनचा २७ला. मध्ये पाच दिवस आणि शेकडो मैलांची रेल्वे. सगळा नोव्हेंबर मुले गाडीत, हॉटेलांत आणि परक्या मैदानांवर होती. मोठी दुखापत झाली नाही म्हणून हे खपले. अठरा जणांच्या तुकडीत दोन महत्त्वाचे खेळाडू जायबंदी झाले असते, तर टेक्सासला जाऊन खेळायचे की करार मोडायचा, असा पेच उभा राहिला असता. वर्गांतल्या गैरहजेरीबद्दल हंगामाच्या कथांत कोणी एक शब्दही काढत नाही. पेन स्टेट आणि टेक्सास यांपैकी एक सामना पुढच्या वर्षावर ढकलला असता, तर उत्पन्न थोडे घटले असते, पण करारांचा आणि अंगांचा ताण बराच हलका झाला असता. माझे मत विचाराल तर मी टेक्सास ढकलला असता. हार्पर यांनी तो ठेवला आणि जिंकला, म्हणून माझे मत बदलत नाही. निकाल चांगला लागला एवढ्याने जोखीम लहान होती असे ठरत नाही.

तिसरा क्षण करारातल्या अटींचा. हजार डॉलरसाठी हार्पर यांनी चिकाटी धरली, पण परतीच्या सामन्याची, म्हणजे आर्मीने कधीतरी साउथ बेंडला येण्याची, अट त्यात नव्हती. १९१२च्या डिसेंबरात ती मागायची ताकदही त्यांच्याकडे नव्हती. आर्मी नेव्हीविरुद्धचा सामना वगळता सहसा आपले मैदान सोडत नसे, आणि मागणारा हा अनोळखी पाहुणा होता. पण ३५–१३ नंतर ती मागणी निदान कागदावर येऊ शकली असती. ती जागा कोणी वापरली नाही. १९२२पर्यंत हा सामना होत राहिला तो वेस्ट पॉइंटलाच, आणि १९२३पासून तो न्यूयॉर्कच्या मोठ्या मैदानांवर गेला, जिथे तिकिटांचे उत्पन्न अफाट होते आणि दोन्ही पक्षांना घरी खेळण्याची गरजच उरली नाही.

याची किंमत कोणी मोजली असेल तर घरच्या विद्यार्थ्यांनी. १९१३च्या हंगामात कार्टियर मैदानाच्या कडेला उभे राहून त्यांनी पाहिले ते ८७–०, २०–७ आणि ६२–०. ज्या चार सामन्यांमुळे त्यांच्या संस्थेचे नाव झाले त्यांपैकी एकही त्यांच्या डोळ्यांसमोर झाला नाही. ते तारेने आलेल्या बातमीवर आनंद मानत राहिले. आर्मीचा संघ खेळायला साउथ बेंडला पहिल्यांदा आला तो १९४७ साली, म्हणजे हार्पर यांच्या त्या पत्राला चौतीस वर्षे उलटून गेल्यावर.